वारंवार निकामी होणारा वाइडबँड सेन्सर: आधी त्याची जागा तपासावी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक जुनी मारुती एस्टीम टेम्पोवर घालून माझ्या गॅरेजमध्ये आली. १२९८ सीसीचे इंजिन, जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट, फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरांच्या एक्झॉस्ट नळ्या एकीत आणणारा), स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि डॅशबोर्डवर वाइडबँडचा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा, गेज, असा सगळा सरंजाम होता. मालक कोल्हापूरकडचा तरुण आहे, गाडी केवळ ट्रॅकसाठी ठेवतो, आणि टेम्पोतून उतरता उतरता तो एवढेच म्हणाला, "दादा, परत गेला." वर्षभरात निकामी झालेला तो तिसरा ऑक्सिजन सेन्सर होता. तिन्ही बॉशच्या एलएसयू ४.९ जातीचे होते आणि तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले होते, त्यामुळे नकली मालाचा संशय मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

त्याची तक्रार नीट ऐकली, तर त्यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले आढळले. पहिला असा की, नवा सेन्सर बसवला तरी आयडलिंगला गेज १५.८ ते १६ (एका भाग पेट्रोलला इतके भाग हवा) असे लीन, म्हणजे इंधन कमी असलेले, मिश्रण दाखवत असे, म्हणून त्याने मॅपमधले (ईसीयूतील इंधनाच्या तक्त्यातले) आयडलिंगचे इंधन दोनदा वाढवले होते. तरीही आकडा खाली येईना, उलट स्पार्क प्लग काजळीने काळे पडू लागले आणि गाडीमागे उभे राहिल्यास डोळे चुरचुरू लागले. दुसरा असा की, तीनचार महिन्यांत सेन्सरच्या हीटरचा दोष दाखवून गेज बंद पडत असे. सेन्सर बदलला की दुसरा दोष काही काळ दबत असे आणि पहिला तसाच राहत असे. मालक मात्र दोन्हींचे खापर सेन्सरवरच फोडत होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर बहुधा मीही तेच केले असते.

हा सेन्सर काय मोजतो हे एकदा स्पष्ट करून घ्यावे लागेल, कारण निदानातला निम्मा गोंधळ तेथेच होतो. तो पेट्रोल मोजत नाही. आपल्या टोकापाशी आलेल्या वायूत प्राणवायू किती उरला आहे, किंवा जळण पूर्ण होण्यास किती कमी पडला आहे, एवढेच त्याला कळते. साध्या नॅरोबँड सेन्सरमध्ये झिर्कोनियाच्या पेशीचे व्होल्टेज रिच, म्हणजे इंधन जास्त असलेल्या, मिश्रणाला सुमारे ०.९ व्होल्टपर्यंत चढते, लीनला ०.१ च्या आसपास उतरते, आणि लॅम्डा १ च्या, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळण्यापुरती नेमकी हवा असण्याच्या, वेशीवर ०.४५ व्होल्ट ओलांडते. वाइडबँडमध्ये त्याच पेशीला एक पंप जोडलेला असतो. पंप प्राणवायू आत-बाहेर ढकलून आतल्या बारीक पोकळीत लॅम्डा १ टिकवून धरतो, आणि त्यासाठी लागणारा विद्युतप्रवाह हेच आपले मोजमाप ठरते. म्हणजेच टोकापाशी बाहेरची हवा आली, तर ती जळणातून उरलेली आहे की फटीतून शिरलेली आहे, हा भेद सेन्सरला करता येत नाही. मिसफायर झाला तरीही न जळलेली हवा तशीच पुढे येते आणि गेज लीन दाखवतो, मग त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल ओसंडून वाहत असले तरी.

म्हणून लीन आकडा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी मी आधी इंजिनला विचारतो. आयडलिंगला इंधन पाच टक्के वाढवावे. इंजिन खरोखर लीन असेल, तर त्याचा आवाज गोळीबंद होतो आणि आरपीएम किंचित चढतो. आकडा खोटा असेल, तर इंजिन अडखळू लागते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि गेजवरचा आकडा जवळपास तसाच राहतो. या एस्टीमने दुसरे उत्तर दिले. शिवाय पूर्ण थ्रॉटलला ४००० आरपीएमच्या पुढे गेज १२.९ दाखवत होता आणि त्या टप्प्यावर काढलेला प्लगही त्याला साजेसाच निघाला. आयडलिंगला मोठी चूक आणि जोरात चालवताना जवळपास चूक नाही, ही सेन्सरच्या आधी, इंजिनाकडच्या बाजूला असलेल्या गळतीची ओळखीची खूण आहे. आयडलिंगला वायूचा प्रवाह तुटपुंजा असल्याने थोडीशी हवाही त्यात मोठा फरक पाडते, तर पूर्ण लोडला तीच हवा प्रवाहात विरून जाते.

एक्झॉस्टमध्ये तर दाब असतो, मग हवा बाहेर जाण्याऐवजी आत कशी येईल, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. पाइपमधला दाब स्थिर नसतो. प्रत्येक सिलिंडरच्या ठोक्यामागून कमी दाबाची एक लाट येते, आणि त्या क्षणी फट हवा ओढून घेते. चांगल्या हेडरचे कौतुक आपण ज्या ओढीसाठी करतो, तीच ओढ येथे अंगावर येते.

गळती शोधण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना एका सहकाऱ्याला सायलेन्सरच्या तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी नळी कापडाने घट्ट धरून बसवले आणि मी गाडीखाली साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन आडवा झालो. हेडरच्या हेडकडील पॅकिंगला काही नव्हते. पण चारही नळ्या जेथे एक होतात, त्या कलेक्टरचा जोड नुसता एकात एक सरकवून स्प्रिंगने ओढून धरला होता, आणि तेथे करंगळीच्या नखाएवढ्या भागातून बारीक फेस सलग वर येत होता. सेन्सर त्या जोडापासून जेमतेम वीतभर पुढे होता. स्प्रिंगचा जोड वाईट नसतो, हेडरला प्रसरण पावायला जागा हवीच. पण त्याच्या इतक्या जवळ सेन्सर बसवणे म्हणजे आकड्यात भेसळ करून घेणे आहे. हीच चाचणी इंजिन चालू करून, सायलेन्सरच्या तोंडावर ओला कपडा दाबूनही करता येते, मात्र ती उघड्यावर, काही सेकंदांपुरती आणि पाइप तापण्याआधीच करावी.

आखूड एक्झॉस्ट असलेल्या गाड्यांत अशीच फसगत मागच्या बाजूने होते. पाइपचे तोंड सेन्सरपासून दोनतीन फुटांच्या आत असेल, तर कमी आरपीएमला बाहेरची हवा उलट आत येऊन टोकापर्यंत पोहोचते. जास्त ओव्हरलॅपच्या कॅमशाफ्टमुळेही आयडलिंगला ताजी हवा न जळताच एक्झॉस्टमध्ये निसटते, आणि त्यावर सेन्सरची जागा बदलून काहीही उपाय होत नाही. अशा इंजिनाचे आयडलिंग गेजवर लावण्याऐवजी मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम आणि कान यांवर लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दोषाचा, म्हणजे सेन्सर मरण्याचा, उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. रात्रभर गाडी उभी होती. सेन्सरचे बूच, म्हणजे सेन्सर ज्यात फिरवून बसवतात ते पाइपला वेल्ड केलेले आट्यांचे कडे, हेडरनंतरच्या आडव्या पाइपला खालच्या अंगाला, घड्याळाच्या भाषेत साडेसहाच्या जागी लावलेले होते. वेल्डिंग करणाऱ्याला गाडी रॅम्पवर असताना तीच जागा हाताला सोपी पडली असणार, आणि तारही उष्णतेपासून लांब राहते असा हिशेब त्याने केला असणार. मी खाच असलेला सॉकेट लावून सेन्सर सैल केला, तेव्हा आट्यांच्या शेवटच्या फेऱ्याला तांबूस-काळे पाणी थेंब थेंब माझ्या मनगटावर उतरले. वाटीत धरले तर चमचाभर भरले. सेन्सरच्या छिद्रांच्या टोपणात गंजाचा चिखल बसला होता. अर्थात निकामी सेन्सर तसाही गेलेलाच होता, म्हणून टोपण कापून पाहिले, तर आतल्या सिरॅमिकच्या पट्टीला केसासारखी आडवी चीर गेलेली होती.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन गरम असताना ते वाफेच्या रूपात निघून जाते, पण थंड पाइपमध्ये ते दवासारखे भिंतीवर जमते आणि ओघळून सर्वांत खालच्या जागी साचते. एलएसयू ४.९ चे सिरॅमिक ७८० अंश सेल्सिअसला चालवलेले असते. अशा तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा एक थेंब उडाला, तरी तापलेल्या मातीच्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर त्या तव्याची जी गत होते, तीच त्याची होते. बॉशच्या सूचनेप्रमाणे सेन्सर आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर कललेला असावा, टोक खाली आणि तार वर, म्हणजे साचलेले पाणी टोकात न राहता उतरून जाईल. घड्याळाच्या भाषेत दहा ते दोन यांच्या दरम्यानची जागा धरावी. नऊ आणि तीन या जागा चालतील असे वाटते, पण तेथे सेन्सर पूर्ण आडवा असतो आणि ते १० अंश मिळतच नाहीत.

पाण्याइतकाच हातभार वायरिंगनेही लावला होता. वाइडबँडच्या कंट्रोलरला विद्युतपुरवठा इग्निशनच्या चावीवरून दिलेला होता. मालक संध्याकाळी घरासमोर लॅपटॉप जोडून, चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून, अर्धा-अर्धा तास मॅप चाळत बसत असे. तेवढा वेळ हीटर सिरॅमिक लालबुंद ठेवत होता, आणि मग तो स्टार्टर मारत असे, तेव्हा पाइपमधले साचलेले पाणी पहिल्याच धडाक्यात त्याच्यावर येत होते. त्यावर उपाय साधा आहे: कंट्रोलरचा पुरवठा इंधनपंपाच्या रिलेवरून घ्यावा आणि त्याला स्वतःचा फ्यूज द्यावा. चावी फिरवल्यावर पंप दोनतीन सेकंद चालून थांबतो आणि इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा चालू होतो, त्यामुळे हीटरही त्याच्यासोबतच वागतो. याच्या उलट चूकही लोक करतात. गेज काढून ठेवतात आणि सेन्सर मात्र चालू इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये वीजपुरवठ्याविना तसाच राहू देतात. थंड सिरॅमिकवर काजळी बसत जाते आणि काही दिवसांत सेन्सर सुस्तावतो. गेज वापरायचा नसेल, तर सेन्सर काढून बुचाला एम१८ चे झाकण लावावे.

इंजिनापासून अंतर किती ठेवावे, याबाबत दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात आणि दोन्हींच्या मागे कारण आहे. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो २४० या गाडीवर प्रथम आला, तेव्हा त्याला स्वतःचा हीटर नव्हता. एक्झॉस्टच्या उष्णतेनेच त्याने तापायचे होते, म्हणून तो मॅनिफोल्डच्या अगदी जवळ असे, आणि "जितका जवळ तितका बरा" हा समज तेथून आजवर चालत आला आहे. हीटर असलेल्या सेन्सरला ते बंधन राहिलेले नाही. त्याला आता अतिउष्णतेचे भय अधिक आहे. एलएसयू ४.९ साठी वायूचे सततचे तापमान ९३० अंशांपर्यंत आणि पाना लागतो त्या षटकोनी भागाचे तापमान ६०० अंशांपर्यंत चालते. ट्रॅकवर सलग काही फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हेडरच्या पहिल्या फूटभरात या मर्यादा सहज ओलांडल्या जाऊ शकतात. षटकोन अतिशय तापला की तारेच्या बाजूचे सीलही जाते, आणि मग बाहेरून धडधाकट दिसणारा सेन्सर हळूहळू भरकटू लागतो.

शिवाय कलेक्टरच्या आधी एखाद्या नळीत बूच लावले, तर सेन्सर एकाच सिलिंडरची बातमी देतो. चार इंजेक्टरांपैकी एक अर्धवट चोंदला असेल आणि आपण दुसऱ्याच नळीत पाहत असू, तर तो पिस्टन वितळेपर्यंत गेजवर काही दिसणार नाही. म्हणून चारही नळ्या एक झाल्यानंतर, वायू नीट मिसळू शकेल एवढे अंतर सोडून, पण पहिल्या मफलरच्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, ही जागा मी बिगरटर्बो गाडीसाठी धरतो. कन्व्हर्टरच्या मागे वाइडबँड लावण्यात अर्थ नाही, कारण तो उरलेला प्राणवायू वापरून टाकतो आणि आकडा गोड होऊन बाहेर येतो.

टर्बो गाडीत सेन्सर टर्बाइनच्या पुढे, डाउनपाइपमध्ये, दोनतीन फुटांवर बसवावा. टर्बाइनच्या आधी तापमान तर जास्त असतेच, पण दाबही जास्त असतो, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह त्या प्रमाणात फुगतो. लॅम्डा १ ला तो प्रवाह शून्य असल्याने तेथे चूक होत नाही. त्या वेशीपासून जसजसे दूर जावे तसतशी चूक वाढते, म्हणजे रिच मिश्रण आहे त्याहून रिच दिसते आणि लीन आहे त्याहून लीन. पूर्ण बूस्टवर गेज ११.२ दाखवतो म्हणून इंधन कमी करणाऱ्याला आपण प्रत्यक्षात कोठे पोहोचलो हे कळत नाही, आणि ही चूक पिस्टनच्या किमतीत मोजावी लागते.

या एस्टीमचे बूच आम्ही कलेक्टरच्या जोडापासून साधारण दीड फूट पुढे, गाडीच्या तळातील बोगद्यासारख्या पन्हळीखालच्या मोकळ्या जागेत, घड्याळातील दीडच्या जागी हलवले आणि जुने भोक पट्टी लावून बंद केले. आर्गॉन वेल्डिंग करताना निकामी सेन्सर आट्यांत घट्ट फिरवून ठेवला होता, कारण मोकळे बूच वेल्डिंगच्या उष्णतेने अंडाकृती होते आणि मग नवा सेन्सर अर्ध्यावर अडकतो. नवा सेन्सर बसवून वेल्डिंग करण्याचे धाडस कोणी करू नये. त्यानंतर एम१८ बाय १.५ चा टॅप एकदा फिरवून आटे साफ केले आणि सेन्सर ५० न्यूटन-मीटरला आवळला. नव्या सेन्सरच्या आट्यांना लेप लावलेलाच येतो. जुना पुन्हा बसवताना पेस्ट लावावी लागली, तर ती आट्यांनाच लावावी, टोकाच्या छिद्रांकडे बोटही जाऊ देऊ नये. बूच फार उंच असेल आणि टोक भिंतीच्या आतच राहत असेल, तर सेन्सर प्रवाहात न राहता कोनाड्यात बसल्यासारखा होतो आणि आकडा मागे पडत राहतो. टोक प्रवाहात उतरलेले दिसलेच पाहिजे. कलेक्टरच्या जोडाचे नर-मादी तुकडे घासून एकमेकांत बसवले, उष्णता सोसणारी पेस्ट लावली आणि स्प्रिंगा नव्या घातल्या.

काम येथे संपले असे वाटले होते. नवा सेन्सर लावून आयडलिंग पाहिले, तर गेज १३.९ दाखवत होता. इतके इंधन वाढवून ठेवलेल्या इंजिनाला ते साजेसेच होते. मात्र ईसीयूच्या लॉगमध्ये त्याच क्षणी १४.३ होते. गेजचा शून्य ते ५ व्होल्टचा संकेत १० ते २० या आकड्यांवर पसरलेला आहे, म्हणजे प्रत्येक व्होल्टला दोन आकडे पडतात, ०.४ चा फरक म्हणजे ०.२ व्होल्टची तफावत. गेजचे अर्थिंग डॅशबोर्डच्या पत्र्याला होते आणि ईसीयूचे इंजिनच्या ब्लॉकला. हेडलाइट आणि पंखा चालू केला की तफावत वाढत होती, त्यावरूनच चोर कळला. गेजच्या संकेताचे अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर-अर्थला नेऊन जोडले, तेव्हा दोन्ही आकडे एक झाले. हा दोष सेन्सरचा नाही, जागेचाही नाही, पण लोक त्यापायी सेन्सर बदलतात. ज्यांच्याकडे कॅन (आकडे डिजिटल रूपात पाठवणारी) जोडणी उपलब्ध आहे, त्यांनी हा व्होल्टेजचा व्यवहार मुळातूनच टाळावा.

एलएसयू ४.९ च्या कनेक्टरबद्दलही सावध करावेसे वाटते. सेन्सरकडून पाच तारा येतात आणि कनेक्टरमध्ये सहा टोके असतात, कारण त्या कनेक्टरच्या पोटात एक छोटा रेझिस्टर असतो, जो कारखान्यात त्याच सेन्सरसाठी जुळवून बसवलेला असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) छिद्रातून कनेक्टर जात नाही म्हणून तो कापून तारा परस्पर जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यानंतर तो सेन्सर कोणाचाच राहत नाही. छिद्र मोठे करावे किंवा कनेक्टर इंजिनाच्या बाजूलाच ठेवावा.

सेन्सरच्या विषबाधेबद्दल थोडक्यात: एव्हगॅस १०० एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसे असते आणि ते मिसळणाऱ्यांचा सेन्सर टिकत नाही, शीतक जळत असेल किंवा सेन्सरला न चालणारा सिलिकॉन सीलंट इंजिनात वापरला असेल, तर टोक पांढरट पडते, ऑइल जळत असेल तर राखेचा थर बसतो. नुसती कोरडी काळी काजळी ही रिच मिश्रणाची खूण आहे, ती सेन्सर गेल्याचा पुरावा नव्हे.

सेन्सर गेला आहे की जिवंत आहे हे न काढता पाहायचे असेल, तर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ४००० आरपीएमपर्यंत नेऊन थ्रॉटल पूर्ण सोडावा. ईसीयू इंधन तोडतो, एक्झॉस्टमध्ये निव्वळ हवा येते, आणि गेजने सुमारे एका सेकंदात लीनच्या टोकाला जाऊन तेथेच थांबले पाहिजे. रेंगाळत गेला किंवा अध्येमध्येच अडकला, तर सेन्सर सुस्त झाला आहे. यासाठी मॅपमध्ये ओव्हररनला इंधन तोडण्याची सोय चालू असावी लागते, हे आधी तपासावे. आकड्यांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचे) पेट्रोल मिळू लागल्यापासून लॅम्डा १ म्हणजे १४.७ हे समीकरण राहिलेले नाही, ई२० साठी ते सुमारे १३.५ पडते, पण गेज आपल्या सवयीने १४.७ च दाखवत राहतो. मी म्हणून आता सर्व मॅप लॅम्डातच लिहितो आणि मालकालाही गेज लॅम्डावर फिरवून देतो.

एस्टीमच्या मॅपमधून वाढवलेले सगळे इंधन काढून टाकल्यावर आयडलिंग लॅम्डा ०.९८ च्या आसपास स्थिरावले आणि प्लग आठवड्याभरात तपकिरी झाले. पाऊस थांबल्यावर मालकाने ती गाडी पुन्हा टेम्पोवर घालून आणली. सेन्सर काढून टोक पाहिले: कोरडे, राखाडी, छिद्रे मोकळी. जुन्या, पट्टी लावलेल्या जागेच्या आतून मात्र हाताला अजून ओल लागत होती.